चढलो त्या गिअरात उतरलो: ट्रेलर जोडून कोलोरॅडो ते मोॲब

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा, पिकअप ट्रकला २४ फुटी ट्रेलर जोडून डेन्व्हरजवळच्या ऑरोराहून युटा राज्यातील मोॲबला जाऊन आलो. गाडी बहुतेक वेळ मीच चालवली. बाबांनी एस.टी. महामंडळात चालक म्हणून ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे चिपळूण-कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटात गेली, त्यामुळे या प्रवासातल्या प्रत्येक चढ-उताराकडे त्यांचे लक्ष माझ्याहून अधिक होते. कॅम्पग्राउंडचे आरक्षण पाच महिने आधी केले होते आणि ते सुरळीत पार पडले, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. लिहायचे आहे ते मुख्यतः ट्रकमधल्या ‘टो मोड’ या, ट्रेलर ओढताना लावायच्या बटणाविषयी. इकडे ट्रेलर ओढायला नुकतीच सुरुवात केलेल्या मराठी कुटुंबांना त्याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

पहिला दिवस: ऑरोरा ते डिलन

सकाळी आठ वाजता निघालो आणि शहराच्या पश्चिम टोकाच्या ट्रकस्टॉपवर वजनकाट्यावर थांबलो. ट्रक, ट्रेलर, माणसे, पाणी आणि सामान मिळून ११,९४० पौंड, म्हणजे सुमारे ५,४०० किलो भरले. ट्रेलर वेगळा करून ट्रक पुन्हा तोलला, तेव्हा ट्रेलरचे वजन ५,७८० पौंड असून त्यांपैकी ७२० पौंड हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर, येतात असे निघाले. हे प्रमाण साडेबारा टक्के होते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर असावा लागतो, कारण तो कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलू लागतो. ट्रेलर विकणारे सांगतात ते रिकाम्या ट्रेलरचे वजन असते. कांदे-बटाटे, गॅसची नळकांडी, पाण्याची टाकी आणि अंथरुणे भरल्यावर आमच्या ट्रेलरमध्ये हजार पौंडांहून अधिक भर पडली होती. काट्याचे भाडे किरकोळ असते. पहिल्या प्रवासाआधी एकदा तरी ते जरूर भरावे.

काट्यापाशी रांगेत एक पंजाबी ट्रकचालक उभे होते. बाबा त्यांच्याशी हिंदीत बोलू लागले आणि दोघांची पाचच मिनिटांत गट्टी जमली. त्यांच्या अठरा चाकी ट्रकला जेक ब्रेक होता. इंजिनातली हवा दाबली गेली की ऐन दाबाच्या वेळी झडपा उघडून ती बाहेर सोडली जाते, त्यामुळे इंजिन गाडीला पुढे ढकलण्याऐवजी मागे खेचते, असे त्यांनी हाताच्या मुठी उघडून-मिटून दाखवले. बाबांनी विचारले, “म्हणजे ब्रेकला पाय लावायचाच नाही?” त्यावर ते म्हणाले, “लावायचा, चाचाजी, पण शेवटी.”

आमच्या ट्रकला जेक ब्रेक नाही. त्याला दहा गिअरांचे स्वयंचलित ट्रान्समिशन आहे आणि गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो मोडचे बटण आहे. फोर्ड, रॅम आणि जीएमच्या पिकअपमध्ये याला टो-हॉल म्हणतात, तर टोयोटाच्या नव्या टुंड्रामध्ये त्याच्या दोन पायऱ्या असतात. हे बटण दाबल्याने ट्रकची ओढण्याची क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. बदलते ती ट्रान्समिशनची समज. एरवी पेट्रोल वाचवण्यासाठी ते शक्य तितक्या लवकर वरच्या गिअरात जाते. टो मोडमध्ये मात्र खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवते, चढावर वरचा-खालचा गिअर असा खेळ करत बसत नाही, आणि उतारावर आपण ब्रेक दाबला की खालच्या गिअरात उतरून इंजिनाला गाडी रोखायला लावते. गिअरांची अदलाबदल कमी झाली की ट्रान्समिशनचे तेलही कमी तापते.

आय-७० महामार्गावर पश्चिमेकडे जाताना फ्लॉइड हिल हा पहिला खरा उतार लागतो. तिथे टो मोड चालू होता. एकदा ब्रेक दाबताच ट्रकने दोन गिअर खाली घेतले, इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग ५० मैलांवर थांबला. मागच्या आसनावरून बाबा म्हणाले, “बरोबर. असंच.”

त्यानंतर जॉर्जटाउनला जेवायला थांबलो. हे गाव ८,५३० फुटांवर आहे आणि तिथल्या कड्यावर बिगहॉर्न मेंढ्या दिसतात. आम्हालाही सात-आठ दिसल्या. मुलगा दुर्बीण सोडायला तयार नव्हता. धपाटे आणि दही खाऊन तासाभराने निघालो. माझी चूक इथे झाली. आमच्या ट्रकमध्ये इंजिन बंद केले की टो मोडही बंद होतो आणि पुन्हा सुरू केल्यावर तो हाताने लावावा लागतो. गाडीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि मी ते वाचलेही होते. तरी त्या दिवशी निघण्याच्या घाईत बटण दाबायचे राहून गेले.

जॉर्जटाउनच्या पुढे रस्ता थेट वर चढतो. ट्रक सहावा गिअर घेई, जरा वेग मिळाला की सातवा घेई, तिथे दम लागला की पुन्हा सहाव्यावर येई. बाबांनी दोनदा म्हटले, “गाडी गिअर धरत नाहीये गं.” हा उंचीचा परिणाम असेल असे मी त्यांना सांगितले. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते हे खरे आहे. पण आमच्या इंजिनाला टर्बो आहे, तेव्हा त्या उत्तरात फारसा अर्थ नव्हता.

आयझेनहॉवर बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे. पहिला बोगदा १९७३ मध्ये आणि दुसरा, जॉन्सनच्या नावाचा, १९७९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पावणेतीन किलोमीटर अंधारातून बाहेर पडलो तेव्हा समोर सोनेरी ॲस्पेनची झाडे आणि त्यांच्यामधून खाली जाणारा सात टक्क्यांचा उतार होता. ट्रकने आपण होऊन वरचा गिअर घेतला आणि मागच्या पावणेसहा हजार पौंडांनी ढकलायला सुरुवात केली. वेग ६० च्या पुढे जायचा, मी ब्रेक दाबायची, तो ५० वर यायचा आणि पाय काढताच पुन्हा वाढायचा. असे सात-आठ वेळा झाले असेल. मग गाडीत एक वास शिरला, जळक्या क्लचसारखा, नाकाला झोंबणारा. मला तो जाणवला तोवर बाबा पुढे झुकले होते.

“बाय, ब्रेक तापलेत. पाय काढ आणि गिअर पाड.”

कोकणात मुलीला बाय म्हणतात, पण कित्येक वर्षांत त्यांनी मला तसे म्हटले नव्हते. मी काट्यांच्या पटलाकडे पाहिले. टो मोडचे चिन्ह तिथे नव्हते. बटण दाबले, ब्रेक एकदाच नीट जोर देऊन दाबला, वेग ४० वर आणला आणि सोडला. ट्रान्समिशनने एकामागून एक तीन गिअर खाली घेतले, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेले आणि ट्रेलरचा तो रेटा थांबला. उरलेला उतार मी उजव्या लेनमधून, अवजड ट्रकांच्या मागे, तशाच वेगाने उतरले. ब्रेक निकामी होऊन सुटलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ केलेले आहेत. त्यांच्यावरून नजर हटवणे त्या क्षणी फार कठीण गेले.

सिल्व्हरथॉर्नला बाहेर पडून एका मोकळ्या, सपाट जागेत थांबलो. बाबांनी खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहाताची मागची बाजू नेली. ट्रकच्या पुढच्या चाकांपाशी हात वीतभर अंतरावरही ठरत नव्हता. त्यांनी चाकांवर पाणी ओतू दिले नाही, कारण तापलेली डिस्क अचानक गार झाली तर वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही ओढू दिला नाही. ट्रान्समिशन पार्कमध्ये ठेवून चाकांखाली ठोकळे लावले. पाऊण तासाने वास गेला.

रात्री पतींनी वहीत हिशेब मांडला. ५,४०० किलोंचे ओझे सुमारे ७०० मीटर खाली उतरले की जितकी ऊर्जा सुटते, तितक्यात शंभरेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात. उरलेला एकतर इंजिनाने घ्यायचा किंवा ब्रेकच्या चार तबकड्यांनी आणि ट्रेलरच्या ड्रमांनी. मी तो जवळजवळ सगळा ब्रेकवर टाकला होता.

मुक्काम डिलन जलाशयाकाठच्या हीटन बे कॅम्पग्राउंडवर होता. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांनाच उकळते, म्हणून इथे भात उघड्या पातेल्यात शिजवण्याच्या भरीस पडू नये. कुकर बरोबर असलाच पाहिजे. धरण १९६३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी जुने डिलन गाव हलवावे लागले. इथले पाणी २३ मैलांच्या बोगद्यातून डोंगररांगेपलीकडे डेन्व्हरला जाते हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. कोयनेचे पाणीही सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरते, आणि त्यांची गाडी रोज त्याच डोंगरावरून जात असे.

दुसरा दिवस: डिलन ते फ्रूटा

सकाळी माझ्या आधी बाबा उठले होते. त्यांनी देव्हाऱ्याच्या डब्यातला लाल दोरा गिअरच्या दांड्याला बटणाच्या अगदी खाली बांधून ठेवला होता. “गाडी सुरू केलीस की बोट दोऱ्याला लागेल,” एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून निघण्याच्या क्रमात आणखी एक पायरी आली: हिच, साखळ्या, दिवे, ब्रेकची तार, टायरची हवा आणि शेवटी टो मोड. पटलावर चिन्ह दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि ते चिन्ह मुलाने मोठ्याने वाचायचे.

व्हेल खिंड १०,६६२ फुटांवर आहे आणि तिचा पश्चिम उतारही सात टक्क्यांचा आहे. या वेळी माथ्यावर पोहोचण्याआधीच मी वेग ४५ वर आणला. उतार सुरू होण्यापूर्वी वेग कमी करणे हा यातला निम्मा भाग आहे, कारण टो मोड आहे तो वेग धरायला मदत करतो; हातातून गेलेला वेग तो परत आणून देत नाही. ब्रेक एकदा दाबला तसा ट्रक चौथ्या गिअरात आला आणि इंजिन साडेचार हजारांवर गर्जू लागले. पती दचकले. एवढ्या फेऱ्यांनी इंजिनाचे नुकसान होईल आणि पेट्रोलही भरमसाट जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. नव्याने ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेकांना हीच भीती वाटते आणि म्हणून ते टो मोड बंद करतात, त्यामुळे याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

साडेचार हजार फेऱ्या ही लाल रेषेच्या बरीच आतली मर्यादा आहे आणि उतारावर इंजिनाला त्या झेपतात. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरचा पेडल सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते, आणि त्या अडलेल्या वाटेने हवा ओढताना इंजिनाला जे कष्ट पडतात, तेच गाडीला मागे धरतात. पेट्रोलची गोष्ट तर याहून सुखद आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरात असताना पाय पेडलवरून काढला की इंधनाचा पुरवठाच थांबतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. मी पतींना क्षणोक्षणीच्या मायलेजचा काटा दाखवला. चौथ्या गिअरात, एवढ्या आवाजात, तो कमाल आकड्याला टेकलेला होता.

बाबांना हे नवीन होते आणि त्यांना ते फार आवडले. त्यांच्या काळी डिझेल वाचवायला काही चालक घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकत. बाबांनी ते कधी केले नाही. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा धडा त्यांना पहिल्या महिन्यात एका जुन्या चालकाने दिला होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. “म्हणजे आता न्यूट्रल मारला तर उलट जास्त तेल जातं?” त्यांनी विचारले. हो, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे तरी इंधन लागतेच. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “त्या पोरांना हे सांगायला हवं होतं.” न्यूट्रलमध्ये घाट उतरताना ज्यांच्या गाड्या गेल्या, त्यांच्यापैकी दोघांना ते ओळखत होते.

तो सगळा उतार मी ब्रेकला तीन वेळा पाय लावून उतरले, आणि तिन्ही वेळा ब्रेक नीट दाबून पूर्ण सोडला. पाय पेडलवर हलका टेकवून ठेवल्याने ब्रेक सर्वांत जास्त तापतात. व्हेल गावात थांबून बाबांनी चाके तपासली आणि या वेळी तळहात थेट रिमवर टेकवला.

पुढचे ग्लेनवुड कॅन्यन हा या मार्गाचा सर्वांत सुंदर भाग आहे. खाली कोलोरॅडो नदी, नदीपलीकडे रेल्वेचे रूळ आणि कड्याला चिकटून एकावर एक बांधलेले दोन्ही दिशांचे रस्ते असे २० किलोमीटर चालते. हे काम १९९२ मध्ये पूर्ण झाले. २०२० च्या वणव्यात वरचे उतार जळाले आणि २०२१ च्या पावसात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला. जळकी झाडे अजून दिसतात. पावसाळी हवेत इकडे येणाऱ्यांनी रस्ता उघडा आहे ना हे सकाळी पाहूनच निघावे, कारण ट्रेलर घेऊन डोंगरातल्या वळणाच्या रस्त्यांनी फिरून जाणे सोपे नाही.

संध्याकाळी फ्रूटाच्या पेट्रोलपंपावर घोड्यांचा ट्रेलर घेऊन आलेल्या एक बाई भेटल्या. त्यांचा ट्रक डिझेलचा होता. डिझेल इंजिनात हवेची वाट तशी अडवलेली नसते, म्हणून त्यात धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असतो आणि टो मोड लावल्यावर तो अधिक जोमाने काम करतो. त्यांनी ट्रेलरची खिडकी उघडून दोन तांबूस घोडे मुलाला दाखवले. जनावराला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून चालकाने ब्रेक मारला की ते पायांवर तोल सावरते, आणि चार तासांत असे पन्नास वेळा झाले तर उतरताना त्याचे पाय थरथरतात, असे त्या म्हणाल्या. गिअरने वेग कमी केला की घोडे शांत उभे राहतात. मी हे मराठीत सांगितल्यावर बाबांनी मान डोलावली. त्यांच्या गाडीतही शेवटच्या बाकावर म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका असत.

तिसरा आणि चौथा दिवस: मोॲब

फ्रूटा ते मोॲब हे अंतर सुमारे १०० मैल आहे. क्रेसेंट जंक्शनला महामार्ग सोडून दक्षिणेला वळायचे. घाट नाही, पण उघड्या माळावर आडवा वारा होता, आणि सपाट रस्त्यावर टो मोड कशाला लागतो याचे उत्तर तिथे मिळाले. वाऱ्याचा झोत आला की ट्रकला जोर लागतो आणि तो गेला की लागत नाही. बटण बंद करून पाहिले, तर ट्रान्समिशन आठवा आणि नववा गिअर यांच्यात मिनिटाला चार-पाच वेळा ये-जा करू लागले आणि तेलाचे तापमान चढू लागले. बटण लावल्यावर ते आठव्यात स्थिर राहिले. शांत हवेत, अगदी सपाट रस्त्यावर हलका ट्रेलर असेल तर टो मोड नसला तरी चालते. माझ्यासारखी चालक मात्र चालू-बंद करण्यात चुकू शकते, म्हणून ट्रेलर मागे असेपर्यंत तो लावूनच ठेवायचा असे मी ठरवले आहे.

वाऱ्याबद्दल एक सूचना इथेच देते. ट्रेलर डोलू लागला तर ट्रकचा ब्रेक जोराने मारू नये आणि स्टिअरिंगने भांडूही नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून फक्त ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर हाताने हळूच दाबावा. ट्रेलर मागे ओढला जाऊन रेषेत येतो. कंट्रोलरची ताकद किती ठेवायची हे निघण्यापूर्वीच मोकळ्या, सपाट जागेत २०-२५ मैलांच्या वेगाने जाऊन बघावे: ट्रेलरची चाके घट्ट धरली पाहिजेत, पण लॉक होता कामा नयेत. ट्रेलरच्या टायरांवर बहुधा ६५ मैलांची मर्यादा असते, हेही लक्षात ठेवावे.

मोॲबला दोन दिवस ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकने फिरलो. आर्चेस उद्यानात डेलिकेट आर्चपर्यंतची तीन मैलांची जाऊन-येऊन वाट बाबांनी सकाळी लवकर निघून पूर्ण केली. दुपारी ऊन फार तापते, पाणी माणशी दोन लिटरपेक्षा कमी नेऊ नये. संध्याकाळी ग्रीन रिव्हरकडची खरबुजे घेतली. आमच्याकडच्या खरबुजापेक्षा ती गोड निघाली हे बाबांनी दुसऱ्या फोडीनंतर मान्य केले. ट्रेलरमध्ये पिठले-भाकरी केली, बाहेर चटई टाकली आणि आकाशगंगा डोक्यावर येईपर्यंत कोणी आत गेले नाही.

पाचवा दिवस: मोॲब ते ब्लू मेसा

परतताना मुद्दाम दुसरा मार्ग घेतला: ग्रँड जंक्शनहून यूएस-५० ने मॉन्ट्रोज आणि गनिसन. ग्रँड जंक्शनला पॅलिसेडचे हंगामाचे शेवटचे पीच मिळाले. मॉन्ट्रोजच्या पुढे दोन चढ आहेत आणि तिथे पावसाची बारीक झड लागली. ओल्या रस्त्यावर एक काळजी घ्यावी लागते. इंजिन फक्त ट्रकच्या चाकांना रोखते, ट्रेलरच्या चाकांना नाही. म्हणून निसरड्या उतारावर अगदी खालच्या गिअरात अचानक उतरले तर मागचा ट्रेलर ट्रकला आडवे ढकलू शकतो. मी आधीच वेग ३५ वर आणला आणि ट्रान्समिशनला हळूहळू खाली येऊ दिले. बाबा मागून काहीच बोलले नाहीत. मला त्यांचे गप्प राहणे कळते.

ब्लू मेसा हा पूर्णपणे कोलोरॅडोत असलेला सर्वांत मोठा जलाशय आहे. एल्क क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर रात्री इतकी थंडी पडली की सकाळी ट्रेलरच्या पाण्याची नळी कडक झाली होती. सप्टेंबर संपत आला की साडेसात हजार फुटांवर नळी रात्री काढून ठेवावी.

सहावा दिवस: मॉनार्क खिंड आणि घर

गनिसनला हिरव्या मिरचीच्या रश्शात बुडालेला बरिटो खाल्ला. बाबांनी त्यावर ट्रेलरमधला ठेचा आणून घातला आणि वाढणाऱ्या मुलीला चव घ्यायला लावली. तिने आणखी मागितला.

मॉनार्क खिंड ११,३१२ फुटांवर, म्हणजे आयझेनहॉवर बोगद्याहूनही उंच आहे. चढताना टो मोडने पाचवा गिअर धरला तो माथ्यापर्यंत सोडला नाही. वेग ४५, ट्रान्समिशनचे तापमान २१५ अंश फॅरनहाइट. माथ्यावर जलविभाजकाची पाटी आहे. बाबा तिथे उतरले आणि पूर्वेकडचा सहा टक्क्यांचा, वळणावळणाचा लांबलचक उतार रेलिंगपाशी उभे राहून बघत राहिले. हा रस्ता आय-७० सारखा रुंद नाही; कुंभार्लीची आठवण यावी असा आहे. गाडी सुरू केली, बोट लाल दोऱ्याला लागले, मुलाने “टो-हॉल” असे वाचले.

“कितव्या गिअरात चढलीस?” बाबांनी विचारले.

“पाचव्या.”

“मग?”

या वेळी ब्रेक दाबून ट्रकने गिअर निवडण्याची मी वाट पाहिली नाही. दांड्यावरच्या बटणाने स्वतः पाचवा घेतला, पहिल्या तीव्र वळणाआधी चौथा, आणि तिथून खाली पॉन्चा स्प्रिंग्जच्या सपाटीपर्यंत गाडी जवळजवळ त्यावरच आली. स्वयंचलित ट्रकमध्येही गिअर हाताने ठरवता येतो आणि मोठ्या उतारावर तो माथ्यावरच ठरवावा, कारण टो मोडला पुढचे वळण दिसत नाही. तो आपल्या पायाच्या इशाऱ्याची वाट पाहतो.

तिथून २८५ क्रमांकाच्या रस्त्याने फेअरप्ले आणि मग दहा हजार फुटांवरची केनोशा खिंड लागली. ॲस्पेन ऐन रंगात होते आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची दाटी होती. ट्रेलर घेऊन थांबायला जागा मिळणे अशक्य, म्हणून काचेतूनच पाहिले. शनिवार-रविवारी ट्रेलर घेऊन या बाजूला येऊ नये.

संपूर्ण प्रवासात ट्रेलरसह गॅलनला ९.६ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटर पडले. एरवी हाच ट्रक १८ मैल देतो. पुढच्या आठवड्यात ब्रेक तपासून घेतले तेव्हा ट्रकच्या पुढच्या पॅडांवर चकाकी आलेली निघाली. ती पहिल्या दिवसाची खूण होती, आणि ते पॅड मी बदलून घेतले.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पती साखळ्या सोडत होते, मुलगा झोपला होता. बाबा मोबाइलचा दिवा धरून ट्रकच्या चारही आणि ट्रेलरच्या चारही चाकांपाशी गेले आणि प्रत्येक रिमवर तळहात टेकवून क्षणभर थांबले.

“सगळी गार आहेत,” ते म्हणाले. “चल, चहा टाक.”